खर्जातला दुसरा माणूस

हिंगोलीहून आलेल्या त्या पत्राला अच्युतराव नाडगौडांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. लिहिलं होतं, पुसलं होतं, पुन्हा लिहिलं होतं. कधी 'प्रिय' फार जवळिकीचं वाटे, कधी 'महोदय' फार कोरडं. मायन्याशीच अडलेला माणूस मजकुरापर्यंत पोचणार कसा? दोन महिने हे असं चाललं होतं.

त्यांना येणाऱ्या तक्रारी एरवी इंग्रजीत असत, दोन ओळींच्या आणि रुक्ष. त्यांना तितकंच रुक्ष उत्तर देऊन मोकळं होता येई. हे पत्र मराठीत होतं. लिहिणारा प्रज्वल खिल्लारे हिंगोलीत पाणीपुरवठ्याच्या पंपांसाठी प्रोग्राम लिहायचा.

'सर, माझी मुलगी यशोधरा सहा वर्षांची आहे. उजवा कान चांगला, डावा जन्मापासून बंद. मागच्या वर्षी डाव्या कानात प्रकाशाचं यंत्र बसवलं. त्यात तुमचं शंख हे पॅकेज आहे. आई बोलते तेव्हा तिला एकच आई ऐकू येते. मी बोलतो तेव्हा दोन माणसं ऐकू येतात. एक मी, आणि दुसरा माझ्या मागे उभा असलेला कुणीतरी. त्याला ती घाबरते. आता घरात मी खुणांनीच बोलतो. तुमचा कोड वाचला. खालच्या सुरांपाशी तुम्ही मराठीत टीप लिहिली आहे, "हा भाग पेटीवर तपासला." म्हणून मराठीत लिहायचं धाडस केलं. मोजमापं जोडली आहेत. माझीच चूक असेल तर क्षमा असावी.'

चूक त्याची नव्हती. ते अच्युतरावांना पहिल्या वाचनातच कळलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

आपला आतला कान गोगलगायीच्या शंखासारखा असतो. बारीक, उंच आवाज शंखाच्या तोंडाशी ऐकू येतो, जाडा आवाज आत, पार टोकाशी. प्रत्येक सुराची जागा ठरलेली. बहिऱ्या माणसाच्या कानात बहुधा त्या जागेवरचे नाजूक केस मेलेले असतात, पण मागची नस जिवंत असते. जुनी यंत्रं त्या नसेला विजेचे धक्के देत. वीज पसरते, त्यामुळे शेजारचे सूर एकमेकांत मिसळत आणि माणसांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटत. मग नसेलाच प्रकाश कळेल असा बदल करण्याची विद्या आली. केसाएवढ्या पट्टीवर इवलेसे दिवे लावून ती पट्टी शंखात सरकवायची. प्रकाश विजेसारखा पसरत नाही. जिथे पडला तिथलाच सूर ऐकू येतो. प्रश्न एवढाच राहिला, की कोणत्या आवाजाला कोणता दिवा लावायचा. हे ठरवणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे अच्युतरावांचं 'शंख'.

मिरजेच्या कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं तो लिहिला याला कारण त्यांची बायको. वैजयंतीबाईंचे दोन्ही कान एका तापात गेले. यंत्र बसलं, पण कंपनीचा प्रोग्राम धड नव्हता. अच्युतरावांनी स्वतःचा लिहिला आणि कुणालाही घेता यावा म्हणून जगासाठी खुला ठेवून दिला. असे खुले प्रोग्राम घरच्या मसाल्यासारखे असतात. एकानं कुटावा, शंभरांनी आपापल्या आमटीत घालावा, आणि कुटणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसावं. बघता बघता निम्म्या जगाच्या यंत्रांत 'शंख' जाऊन बसलं.

ते लिहिताना खालच्या सुरांच्या जागा ठरवायची वेळ आली तेव्हा गणितानं एक आकडा दिला, आणि वैजयंतीबाईंच्या माहेरून आलेल्या, त्यांच्या मामाच्या पेटीनं दुसरा. फरक जवळजवळ अर्ध्या सुराचा. दुसरा कुणी असता तर त्यानं पेटी बाजूला सारली असती. अच्युतरावांनी स्वतःला बाजूला सारलं. आपलंच गणित चुकलं असणार! शिवाय जिला ऐकायचं ती याच पेटीवर वाढलेली. त्यांनी पेटीचा आकडा घातला.

आणि गंमत अशी, की दोन्ही कानांनी बहिऱ्या असलेल्या कुणाचंच काही बिघडलं नाही. बरोबर आणि चूक हे मेंदूला कळत नाही, त्याला रोजचं कळतं. पुरुषांचे आवाज थोडे चढे येत. काही महिन्यांत तेच त्यांचे आवाज झाले. पण यशोधराला तुलना करायला दुसरा कान होता. उजव्या कानातला बाप आणि डाव्या कानातला बाप एकमेकांशी जुळत नव्हते.

'शंख'वर आता कारभाऱ्याची नजर होती. कारभारी म्हणजे पॅकेजं सांभाळणारी यंत्रबुद्धी. काही वर्षांपूर्वी कुणी वाली नसलेल्या पॅकेजांमधून दुष्ट लोकांनी माणसांच्या शरीरातली यंत्रं बंद पाडली होती. तेव्हापासून सगळ्या देशांनी मिळून नियम केला, की शरीरातल्या पॅकेजची एकच, ताजी आवृत्ती चालेल. तिच्यावर कारभारी लक्ष ठेवील, आणि होकार मात्र एका जिवंत माणसाचा लागेल. खिल्लारेची तक्रार येताच कारभाऱ्यानं चहा निवायच्या आत दुरुस्ती तयार केली होती. अडलं होतं ते होकारापाशी.

"नमस्कार, अच्युतराव," त्या दिवशी सकाळी कारभाऱ्याचा आवाज आला. "दुरुस्तीला आपला होकार अजून मिळालेला नाही."

"विचार करतोय."

"कोणत्या मुद्द्याचा?"

"जे पंधरा-पंधरा वर्षं असं ऐकताहेत त्यांचं काय होईल?"

"बहुतेक जण जुळवून घेतील."

"साठीच्या पुढचे?"

"माहिती अपुरी आहे."

अच्युतराव खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "जुनी आवृत्ती त्यांच्यासाठी ठेवली आणि नवी बाकीच्यांना दिली तर?"

"एकच आवृत्ती चालते. या नियमाच्या बाजूनं आपणही मत दिलं होतं."

ते खरं होतं. मत मांडायचा प्रसंग त्यांच्यावर आयुष्यात क्वचित आला, आणि जेव्हा आला तेव्हा हे असं झालं.

"मी नकार दिला तर?"

"चूक माहीत असून ठेवल्याची जबाबदारी आपली. आपण हयात असेपर्यंत जुनं चालू राहील. महिनाअखेरपर्यंत होकारही नाही आणि नकारही नाही, असं झालं तर मात्र 'शंख' बेवारस समजून दुरुस्ती मी प्रसिद्ध करीन."

बेवारस! अच्युतराव बाल्कनीत जाऊन झाडांना पाणी घालू लागले.

"अहो, त्या कढीपत्त्याला बुडवून मारायचंय का?" मागून वैजयंतीबाई म्हणाल्या. "सकाळपासून तिसरी झारी. काय झालंय?"

"काही नाही."

"दोन महिने हेच ऐकतेय. घरात मुंगी चालली तरी ऐकू यावी इतकी शांतता. आणि कान तुम्हीच करून दिलेत, तेव्हा मुंगीसुद्धा ऐकू येते मला. बोला."

त्यांनी सांगितलं. खाली रस्त्याकडे बघत, तुटक तुटक. हिंगोलीची मुलगी, दोन बाबा, खालचे सूर, पेटी.

"नानामामाच्या पेटीवर लावलात?"

"तुझ्या सवयीची म्हणून..."

वैजयंतीबाई कठडा धरून हसायला लागल्या. "अहो, त्या पेटीचा खर्ज जन्माचा चढा! मामा म्हणायचा, ही पेटी म्हणजे आमचे दाजी, हलक्या आवाजात बोलणं माहीतच नाही. आम्ही पोरं त्या बाजूला हातसुद्धा लावत नव्हतो. मला विचारायचंत तरी!"

"तुला तेव्हा ऐकू कुठे येत होतं?"

"मग लिहून विचारायचंत! भाजीवालासुद्धा मला पाटीवर लिहून विचारत होता, वांगी घेणार का म्हणून. तुम्हाला तेवढं नाही सुचलं?" हसू ओसरलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आणि दुरुस्त केलं की मला काय होईल?"

"तेच तर कळत नाही."

"मग कळून घेऊ. लावा नवं."

पॅकेज लिहून सांभाळणाऱ्या माणसाला घरच्या घरी चाचणी घ्यायची मुभा असे. अच्युतरावांनी वैजयंतीबाईंच्या कानामागच्या बटणात, म्हणजे यंत्राच्या बाहेरच्या भागात, नवी आवृत्ती भरली. दोनदा चुकले. नळ टपकत होता. वैजयंतीबाईंनी मान हलवली, नळ तसाच. समोरच्या गच्चीवर कुणी बाई मुलाला रागवत होती. तीही तशीच.

"वैजू," अच्युतराव म्हणाले, "येतंय का ऐकू?"

वैजयंतीबाईंनी त्यांच्या मागे पाहिलं.

क्षणभरच. दार उघडावं आणि ओळखीच्या पावलांऐवजी परका माणूस उभा दिसावा, तसा चेहरा झाला. मग त्यांनी नजर ओढून नवऱ्याच्या ओठांवर आणली. "बोला. आणखी बोला."

अच्युतरावांनी टेबलावरचा चहाचा पुडा उचलला आणि त्यावरचा मजकूर वाचायला सुरुवात केली. कोरड्या जागी ठेवावा. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

"शब्द सगळे कळतात," वैजयंतीबाई हळूच म्हणाल्या. "पण तुम्ही नाही आहात हो त्यात. कुणी तरी तुमचं तोंड वापरतंय. काढा. आत्ताच्या आत्ता काढा हे."

जुनं परत घातल्यावर बराच वेळ त्या नवऱ्याचं मनगट धरून बसल्या. "बोलत राहा," एवढंच म्हणाल्या. अच्युतरावांनी पुडा पुन्हा पहिल्यापासून वाचला.

जेवणं झाली. अच्युतराव टेबलाशी बसले आणि कारभाऱ्याच्या पानावर त्यांनी 'नकार' असा शब्द उमटवला. आयुष्यात एवढ्या ठामपणे त्यांनी काही केलं नसेल. फक्त पाठवायचं राहिलं.

"काय ठरलं?" वैजयंतीबाई हात पुसत आल्या.

"नकार देतोय."

"आणि ती पोर?"

"तिचा उजवा कान चांगला आहे. डावं यंत्र बंद ठेवलं तरी..."

वाक्य पुरं झालं नाही. आपलाच आवाज त्यांना परक्याचा वाटला.

"हे त्या माणसाला लिहाल?"

अच्युतरावांनी पाठवायच्या खुणेवरून बोट मागे घेतलं.

"म्हणूनच उत्तर जात नाही." वैजयंतीबाई समोरची खुर्ची ओढून बसल्या. "आता माझं ऐका. नकार दिलात की जुनं कुठवर चालणार?"

"मी असेतोवर."

"आणि तुम्ही गेलात की?"

"वैजू, काहीतरी काय?"

"काहीतरी काय म्हणजे? त्र्याहत्तर झाली. तुम्ही गेलात की तो कारभारी नवं घालणार. म्हणजे ऐन सुतकाच्या दिवसांत निखिल दारात येऊन 'आई' म्हणेल, आणि मी माझ्या पोटच्या पोराला विचारीन, आपण कोण? हा आपलाच निखिल गं, असं सांगायला तुम्हीही नसणार." त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "त्यापेक्षा शिकवणारा आहे तोवर शिकून घेते."

"काय झालं ते पाहिलंस ना? मघाशी तुझा चेहरा..."

"मघाशी मला विहिरीत ढकललंत. पायऱ्यांनी उतरवा. पहिल्यांदा यंत्र बसलं तेव्हा डॉक्टरांनी आवाज एकदम का सोडला नाही? दर आठवड्याला एक चिमूट. नाही तर मी तेव्हाच ते काढून फेकलं असतं."

अच्युतरावांनी 'नकार' पुसला. पाठवलेला नव्हता हे बरं.

पुढचे काही दिवस त्यांना जेवणाची शुद्ध नव्हती. कल्पना साधी होती. आवृत्ती एकच, पण तिच्यात खाली उतरणारा जिना. ज्यांना यंत्र नवं आहे, किंवा ज्यांचा एक कान शाबूत आहे, ते थेट तळाशी, बरोबर सुरावर. बाकीच्यांचा खर्ज जिथे आहे तिथून एकेक बारीक पायरी उतरेल. इतकी बारीक, की मेंदूनं कुरकुर करावी पण ओळख सोडू नये. तासाभरात हे लिहून झालं आणि शंका घ्यायला चार दिवस लागले. इतकी सोपी युक्ती कारभाऱ्याला सुचली नाही, त्या अर्थी ती चुकीचीच असणार, असं त्यांचं नेहमीचं तर्कशास्त्र होतं.

"ठेवा की त्याच्यासमोर," वैजयंतीबाई म्हणाल्या. "चावतोय का तो?"

कारभारी चावला नाही. "एकच आवृत्ती आहे. नियमात बसतं," तो म्हणाला. "मला चूक आणि दुरुस्ती एवढंच दिसत होतं. मधली वाट तपासायला कुणी सांगितलं नव्हतं. पण एक प्रश्न आहे. पुढची पायरी केव्हा, हे कोण ठरवणार?"

"तू."

"त्यासाठी माझ्याकडे माप नाही. नवऱ्याचा आवाज पुन्हा नवऱ्याचा झाला का, हे मोजता येत नाही. लोकांनी लिहिलेलं वाचून माणसानंच ठरवावं लागेल. काम दोनेक वर्षांचं आहे. आपण सत्तरीच्या पुढचे आहात, म्हणजे नियमानं सोबत एक तरुण नाव हवं. पहिली पायरी आपल्या एकट्याच्या होकारावर जाईल. दुसरीच्या वेळी नाव नसेल, तर उरलेल्या पायऱ्या मी एकदम उतरवीन."

"एकदम?"

"एकदम."

अच्युतराव येरझारा घालू लागले. नाव! ज्या माणसानं उभ्या जन्मात शेजाऱ्याकडे शिडी मागितली नाही, त्यानं कुणाकडे दोन वर्षं मागायची? जुने विद्यार्थी आठवले. त्यांना आपण आठवत नसू, असं वाटलं. निखिल जहाजावर. दुसरं कुणी या कोडच्या वाटेला गेलेलंच नव्हतं. आणि गेलेला एक जण होता, तर त्याच्या पत्राला दोन महिने उत्तर नव्हतं.

खुले प्रोग्राम सांभाळणाऱ्यांमध्ये एक रीत आहे. कुणी लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. जो माणूस नुसता ओरडत नाही, कोड वाचून, मोजमापं जोडून तक्रार करतो, त्याच्याच हातात किल्ली द्यायची. बरं-वाईट काय ते त्यानं वाचलेलं असतं. अच्युतरावांनी ही रीत इतरांच्या पॅकेजांत पाहिली होती. त्यांना ती नेहमीच थोडी उर्मट वाटली होती. एखाद्यानं सांगावं, तुमच्या घराला आग लागलीय, आणि आपण त्याच्या हातात बादली द्यावी! आणि त्यातून ज्याच्या पोरीला या चुकीनं रडवलं, त्यालाच म्हणायचं, बाबा रे, माझ्या बायकोसाठी ही चूक दोन वर्षं सांभाळ!

"नाही म्हणाला तर?" त्यांनी विचारलं.

"तर नाही म्हणेल," वैजयंतीबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखा दोन महिने गप्प तरी बसणार नाही."

शुक्रवारी सकाळी अच्युतरावांनी पहिल्या पायरीला होकार दिला. वैजयंतीबाईंच्या बटणात ती लगेच उतरली. शनिवारी चहा झाल्यावर ते लिहायला बसले, आणि या वेळी थांबले नाहीत.

'प्रिय प्रज्वल,

तुमची मोजमापं बरोबर आहेत. चूक माझी. पेटीवर विश्वास ठेवला, स्वतःवर नाही.

यशोधराच्या यंत्रात दुरुस्ती आज पोहोचेल. तिला मधल्या पायऱ्या नाहीत. बटण लावाल तेव्हा आधी तुम्हीच बोला. दुसऱ्या कुणाला बोलू देऊ नका.

आता एक मागणं आहे. दुरुस्ती त्यावर अवलंबून नाही, ती तुम्हाला मिळाली असंच समजा. पुष्कळ म्हातारी माणसं माझी चूक इतकी वर्षं ऐकताहेत, की त्यांची माणसं आता त्या चुकीच्या आवाजातच बोलतात. त्यांना हळूहळू खाली आणायचं आहे. पुढची पायरी केव्हा, हे त्यांची पत्रं वाचून ठरवावं लागेल. मला एकट्याला ते करू देत नाहीत, आणि वय पाहता ते योग्यच आहे. आपला माणूस परका वाटणं म्हणजे काय, हे तुमच्या घरात कळलेलं आहे, म्हणून तुम्हाला विचारतो. नकाराचा राग येणार नाही. उशीर मीच केला आहे.

माझी पत्नी कालपासून पहिल्या पायरीवर आहे. तिच्या मते मला सर्दी झाली आहे. झालेली नाही हे तिला ठाऊक आहे, तरी तिनं आल्याचा काढा केला. मी तो पितो आहे.

आपला,
अच्युत नाडगौडा'

त्यांनी पत्र वाचलं. 'प्रिय' पुन्हा एकदा जवळिकीचं वाटलं. बोट पुसायच्या खुणेकडे सरकलं.

"घसा दुखतोय का हो?" आतून विचारणा झाली.

"नाही!" अच्युतराव आतपर्यंत ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाले, आणि त्यांनी पत्र पाठवून दिलं.